महाराजांचा डबा आणि बडोद्याचे स्टेशन

दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. आपल्यापैकी अनेकांनी मुला-नातवंडांना घेऊन ते पाहिले असेल. तिथे जुन्या इंजिनांच्या आणि डब्यांच्या रांगेत एका डब्याला बडोद्याच्या गायकवाड महाराजांचे नाव आहे. हा १८८६ सालचा सलून. रेल्वेच्या भाषेत सलून म्हणजे बड्या माणसाच्या प्रवासासाठी बांधलेला खासगी डबा. त्यात बसण्या-झोपण्याची, खाण्यापिण्याची सगळी सोय असे. नातवंडांना हे आधी समजावून सांगावे लागते, नाहीतर राजेसाहेब गाडीत केस कापत होते असे ती समजतात!

६ फेब्रुवारीला श्रीमंत सयाजीराव महाराजांची पुण्यतिथी येते. त्यांच्या शाळा, वाचनालये, बँक आणि राजवाडा यांविषयी आपण दरवर्षी ऐकतो. या वेळी त्यांचे चरित्र रेल्वेच्या बाजूने सांगावे असे वाटले. रेल्वेचा डबा त्या काळी साधी वस्तू नव्हती. कोण कुठल्या डब्यात बसतो, स्टेशनावर कोणाला घ्यायला कोण येते, यावरून माणसाची किंमत ठरत असे. महाराजांच्या थोरवीचा आणि त्यांच्या हुकमाच्या मर्यादेचाही हिशेब बडोद्याच्या स्टेशनाजवळ मांडता येतो.

बैलांची रेल्वे

बडोद्याला मुख्य मार्गाची गाडी १८६१ साली आली. १८६३ मध्ये ती अहमदाबादपर्यंत गेली आणि १८६४ मध्ये मुंबईशी जोडली गेली. बी.बी. अँड सी.आय. ही इंग्रजी कंपनी ती चालवत असे. त्याच सुमारास, १८६२ साली, खंडेराव महाराजांनी डभोई आणि मियागाम यांच्यामध्ये स्वतःच्या खर्चाने अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरो गेज. रूळ इतके हलके होते की इंजिनाचे वजन त्यांना पेलेना. म्हणून गाडीला बैल जुंपले. पुढे जड रूळ बसवले आणि तिथे वाफेचे इंजिन नियमित धावू लागले. बैलगाडीचे चाक रुळावर चढवून राज्य पुढे न्यायचे, असा तो काळ होता.

१८६३ मध्येच नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, कवळाणे गावी, काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळराव जन्मले. घराणे गायकवाडांचेच, पण शेतीवर जगणारे. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव महाराजांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईसाहेबांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून तीन मुले बडोद्याला आणली गेली. कशासाठी आलात असे विचारल्यावर गोपाळने राजा व्हायला आलो असे बेधडक सांगितले, ही हकिकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला.

त्याला तोवर अक्षरओळखही नव्हती. इलियट साहेबांनी शिकवले आणि दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभार सावरला. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांनी पूर्ण अधिकार हाती घेतले. तेव्हा त्यांचे वय एकोणीसही नव्हते.

रूळ कुठे न्यायचे?

बडोदे संस्थानचा नकाशा पाहिला तर एखाद्या हिशेबनिसाला घाम फुटावा. बडोदे आणि नवसारी एकीकडे, कडी-महेसाणा उत्तरेला, अमरेली आणि ओखामंडळ काठेवाडात. मध्ये ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थाने. एका प्रांतातून दुसऱ्यात जायचे तर परक्या हद्दीतून जावे लागे. असे तुकडे एकत्र ठेवायला रस्ते आणि रूळ हवेत, हे महाराजांनी लवकर ओळखले.

त्यांच्या कारकिर्दीत डभोईहून चारी दिशांना छोट्या गाड्या निघाल्या आणि डभोई हे नॅरो गेजचे मोठे जंक्शन झाले. १८८७ मध्ये महेसाणा-वडनगर आणि १८९० मध्ये आणंद-पेटलाद हे मार्ग सुरू झाले. १९१९ मध्ये गोयागेटला, म्हणजे आजच्या प्रतापनगरला, संस्थानाचा स्वतःचा रेल्वे कारखाना उभा राहिला. १९४९ मध्ये गायकवाड बडोदा स्टेट रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन झाली, तेव्हा तिची लांबी सातशे मैलांहून जास्त होती.

हे मार्ग राजवाड्याच्या हौसेसाठी नव्हते. कापूस, धान्य, तंबाखू बाजारात पोचावे आणि दुष्काळात धान्य आत यावे, हा त्यांचा उपयोग. १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ गुजरातेत आजही नावाने ओळखला जातो. जिथे रूळ नव्हते तिथे धान्य पोचवणे किती कठीण असते, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले. महाराज स्वतः जिल्ह्यांतून फिरले.

आपल्या लोकांचाही या रुळांशी संबंध आहे. मंडळाच्या कित्येक सभासदांचे आजे-पणजे कोकणातून, पुण्या-साताऱ्याकडून नोकरीसाठी बडोद्याला आले ते याच गाडीने. रावपुरा आणि दांडिया बाजारातले वाडे आपल्या माणसांनी भरले, त्यात मुंबई-बडोदे गाडीचा वाटा मोठा आहे.

डब्यातला मान

आता सलूनकडे येऊ. बडोद्याला एकवीस तोफांच्या सलामीचा मान होता. एवढा मान फार थोड्या संस्थानांना होता. व्हाइसरॉय आले की स्टेशनावर कोणी कुठे उभे राहायचे, किती पावले पुढे जायचे, हे सगळे ठरलेले असे. व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो नोव्हेंबर १९०९ मध्ये बडोद्याला आले, त्याच्या जरा आधी अहमदाबादेत त्यांच्यावर बाँब टाकला गेला होता. त्या दिवसांत अशा भेटीतला प्रत्येक नमस्कार तोलला जात असे.

यात एक गोम होती. संस्थानातून जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गाच्या जमिनीवरचा न्यायाचा अधिकार इंग्रज सरकार स्वतःकडे घेत असे. म्हणजे महाराजांच्या राजधानीतून जाणाऱ्या मोठ्या रेल्वेच्या पट्टीवर महाराजांचा कायदा चालत नव्हता. सलून महाराजांचा, पण त्याखालचे रूळ दुसऱ्याचे! १९०० साली लॉर्ड कर्झनने संस्थानिकांच्या परदेश प्रवासावर परवानगीचे बंधन घातले. महाराज तेव्हा युरोपात होते आणि त्यांना ते फार लागले. राजाने कधी, कुठे जायचे हेदेखील राजकारणच होते.

१२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात महाराजांनी बादशहांपुढे एकदाच लवून मुजरा केला आणि पाठ वळवून परतले, यावरून विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला ते सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचा हेतू काय होता यावर आजही वाद होतात. पण पाच-सहा पावलांवरून साम्राज्य हादरते, हे मात्र त्या दिवशी दिसले.

अमेरिकेतले डबे

रेल्वेच्या डब्याला असे राजकीय वजन फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत राजा नव्हता, पण डबे होते. तिथे निवडणुकीचे उमेदवार गाडीतून देशभर फिरत आणि शेवटच्या डब्याच्या मागच्या ओट्यावर उभे राहून स्टेशनोस्टेशनी भाषणे देत. १८९६ च्या निवडणुकीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी असा सुमारे १८,००० मैल प्रवास केला. तरी ते हरले! रेल्वे कंपन्या पुढाऱ्यांना फुकट पास देत आणि त्याची वसुली कायदेमंडळात करीत. व्यंगचित्रकारांना तर हे कुरणच मिळाले. १८८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या द वॉस्प या साप्ताहिकाने रेल्वे कंपनीला ऑक्टोपस करून दाखवले. त्याच्या सोंडांत शेतकरी, व्यापारी असे सगळे अडकलेले. फुकट पासांना लगाम घालणारा कायदा तिथे १९०६ मध्ये झाला.

त्याच वर्षी सयाजीराव महाराज पहिल्यांदा अमेरिकेत गेले. १९१० मध्ये पुन्हा गेले. त्यांचे एक चिरंजीव, जयसिंहराव, हार्वर्डला शिकले. महाराजांनी तिथल्या शाळा, ग्रंथालये, कारखाने बारकाईने पाहिले. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना त्यांनी बडोद्याला बोलावून घेतले. त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. पुस्तकांनी प्रवास करून वाचकाकडे जायचे, ही कल्पना तेव्हा आपल्याकडे नवी होती.

पण त्याच अमेरिकेत रेल्वेच्या डब्याची आणखी एक गोष्ट घडली होती. लुइझियाना राज्याने १८९० मध्ये गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करण्याचा कायदा केला. १८९२ मध्ये होमर प्लेसी नावाचा माणूस मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि पकडला गेला. १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. पुढे पन्नासहून अधिक वर्षे डब्यांपासून शाळांपर्यंत सगळे वेगळे ठेवायला त्या निकालाचा आधार घेतला गेला.

आपल्याकडे जातीनुसार डबे ठेवण्याचा असा कायदा नव्हता. तिसऱ्या वर्गाचे तिकीट घेतले की कोणीही कोणाशेजारी बसे, आणि सोवळ्याओवळ्याच्या लोकांची त्यामुळे मोठी पंचाईत झाली. पण हे फक्त गाडीपुरते होते. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की टांगेवाला, खानावळवाला, घरमालक आधी जात विचारत. यातले सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच गावचे आहे.

१९१७ चा सप्टेंबर

महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा १८८० च्या दशकातच काढल्या. सवर्ण शिक्षक तिथे जायला तयार होईनात. पुढे १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम येऊन हे काम सांभाळू लागले. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात लागू झाले. कायद्यापुरते पाहिले तर बडोदे सगळ्या हिंदुस्थानाच्या पुढे होते.

कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला कॉलेजसाठी दरमहा २५ रुपयांची मदत सुरू केली. बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत आले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. ते मुंबईला निघाले. वाटेत सुरत स्टेशनला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोचायला उशीर झाला. वडिलांची शेवटची भेट मात्र झाली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले.

त्याच वर्षी महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची असा करार झाला. १९१७ मध्ये भीमराव परतले. मागून येणारे त्यांचे सामान आणि पुस्तके युद्धात जहाजासह बुडाली होती. त्या सामानाची भरपाई मिळाली तेव्हा बडोद्याला जाण्याच्या खर्चाची सोय झाली.

सप्टेंबरमध्ये ते बडोदे स्टेशनावर उतरले. त्यांना घ्यायला माणूस पाठवावा असा महाराजांचा हुकूम होता. कोणीही आले नाही. हॉटेलात जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून त्यांनी खोली घेतली. दिवसा ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम करीत. पुढे त्यांना मोठ्या जागेवर नेण्याचा महाराजांचा विचार होता. पण शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची ताकीद देऊन गेले. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. महाराजांपर्यंत गाऱ्हाणे गेले होते, तिथून ते दिवाणांकडे गेले आणि तिथेच राहिले. भीमराव कमाटी बागेत जाऊन बसले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती, तोवर थांबायला दुसरी जागा नव्हती.

कमाटी बाग, म्हणजे आपली सयाजीबाग, महाराजांनीच १८७९ मध्ये जनतेसाठी केलेली. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला राजधानीत बसायला तेवढीच जागा खुली होती, आणि तीही महाराजांच्याच कृपेने. हे लिहिताना समाधानही वाटते आणि मान खालीही जाते.

दोष पारशी मंडळींवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. हुकूम निघाला तो महाराजांच्या मोहरेने, तो पाळायचा होता कचेरीतल्या माणसांनी, आणि बडोद्याच्या त्या कचेऱ्यांत आपल्या मराठी मंडळींचा भरणा होता. मी आयुष्यभर बँकेत काढले. वरून परिपत्रक येते, पण काउंटरवरच्या माणसाच्या मनात नसेल तर ग्राहकाला ते मिळत नाही, हे मी रोज पाहिले आहे. राजाचा हुकूमही असाच स्टेशनापर्यंत येऊन थांबला.

नंतरची वर्षे

महाराज मात्र थांबले नाहीत. मार्च १९१८ मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारणाची मोठी परिषद भरली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी ती भरवली होती आणि अध्यक्ष होते सयाजीराव महाराज. एवढ्या मोठ्या संस्थानिकाने अशा परिषदेच्या खुर्चीवर बसणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. डॉ. आंबेडकर तिथे नव्हते. आपल्याच राजधानीतून तो तरुण सहा महिन्यांपूर्वी कसा निघून गेला, याचा सल महाराजांच्या मनात होता की नाही हे कोण सांगणार? त्यांनी ज्याच्यावर खर्च केला, त्याने पुढे देशाची घटना लिहिली. त्या शिष्यवृत्तीएवढे व्याज दुसऱ्या कुठल्या रकमेने दिले असेल असे मला वाटत नाही.

घरात महाराजांनी दुःख भरपूर पाहिले. पहिल्या महाराणी चिमणाबाई १८८५ मध्ये, लहान वयात गेल्या. युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले, मग शिवाजीराव, मग जयसिंहराव. ज्या १९०८ मध्ये युवराज गेले, त्याच वर्षी २० जुलैला बँक ऑफ बडोदा सुरू झाली. १९३३ मध्ये सत्तरीच्या वयात ते पुन्हा अमेरिकेत, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले.

आज डभोईच्या बाजूला छोटी गाडी राहिली नाही. जानेवारी २०२१ पासून प्रतापनगर-डभोई मार्गाने मोठी गाडी केवडियापर्यंत जाते. लालबागेतला प्रतापविलास राजवाडा स्वातंत्र्यानंतर रेल्वेकडे गेला आणि तिथे अनेक वर्षे रेल्वेच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले. राजाचा वाडा शेवटी रेल्वेची शाळा झाला, हे महाराजांना आवडले असते.

सयाजीबागेतल्या त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरहून लोक येतात. त्यांतले बरेच जण गाडीनेच येतात आणि स्टेशनावर उतरून चालत बागेकडे जातात. आपण मात्र शेजारी राहूनही फारसे तिकडे फिरकत नाही. मुलांना प्रतापनगरच्या रेल्वे संग्रहालयात नेतो, बागेत माकडे-मोर दाखवतो. यंदा त्याच फेरीत संकल्पभूमीलाही त्यांना न्यावे आणि तिथे कोण, का बसले होते ते सरळ सांगावे. महाराजांचे नाव सांगताना हा भाग गाळला तर त्यांचे चरित्र अर्धेच राहते. महाराजांनी पाठवायला सांगितलेला माणूस त्या दिवशी स्टेशनावर गेला नाही. आता तरी आपण तिथवर जाऊ या.